पाठकोरे कागद

मी घर सोडलं त्या सकाळी माझ्या केसांना जळक्या लाकडाचा वास येत होता. तीनदा डोकं धुऊनही तो गेला नव्हता. एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईंनी दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं आणि पदर नाकाला लावला. आई खिडकीखाली उभी होती. तिने सुक्या बोंबलांची पुडी वर दिली आणि म्हणाली, "पुण्यात कोण काय विचारील तर नुसती मान हलव." गाडी सुटली तेव्हा तिने हात हलवला नाही. आजूबाजूला कोण बघतंय ते ती बघत होती.

त्याच्या सहा दिवस आधी आमच्या बंदरावर एक बोट जळाली होती. खाडीपलीकडच्या मोठ्या जाळ्यांच्या बोटी आमच्या पाण्यात येऊन पिल्लांसकट सगळं ओढून न्यायच्या आणि आमच्या होड्या रिकाम्या परत यायच्या. त्या दिवशी त्यांच्यातली एक बोट इंजिन बिघडून आमच्याच जेटीला लागली. आमच्या माणसांनी तिच्यावर डिझेल ओतलं आणि खलाशांना खाली ओढलं. काशिनाथ नावाचा एक खलाशी माझ्यापासून तीन पावलांवर पडला. मी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन उभी होते. माझा भाऊ जनादादा वल्हं घेऊन धावत आला. पहिल्या फटक्याला काशिनाथ ओरडला, दुसऱ्याला ओरडला नाही. तिसरा त्याच्या डोळ्यावर बसला. ओलं जाळं जेटीवर आपटावं तसा आवाज झाला. मी पाटी खाली ठेवली नाही, की तोंडातून शब्द काढला नाही.

दुपारी हवालदार घरी आला. जनादादा मागच्या दाराने निघून गेला होता. हवालदाराने मला विचारलं, "तू तिथंच होतीस ना? कोणी मारलं?"

मी तशी जन्माचीच लाजाळू. लिलावात आई सगळ्यांच्या वर आवाज चढवायची आणि मी तिच्या पाठीमागे बसून माशा हाकायचे. बायका म्हणायच्या, "काय गो, कोळणीच्या पोटी ही मुकी कुठून आली?" तेच आईने उचललं. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "ती मुकी हाय, दादा. जन्मापासनं." हवालदाराने माझ्याकडे नीट पाहिलं, वही मिटली आणि पाणी पिऊन गेला.

त्या एका वाक्यावर जनादादा सुटला. काशिनाथचा डोळा गेला. आणि मी मुकी आहे हे पलीकडच्या बंदरापर्यंत पोचलं. मुक्या मुलीला स्थळ येत नाही. मलाही कधी आलं नाही.

पुण्यात मी वैशालीताईंच्या आईकडे स्वयंपाकाला राहिले. त्या घरात बोलणारे पुष्कळ होते, त्यामुळे माझं न बोलणं कोणाला खुपलं नाही. वैशालीताईंचे यजमान म्हणजे साहेब, ते आपल्याकडचे नाहीत. लांबच्या समुद्रातल्या एका लहानशा बेटाचे. ते बेट म्हणजे अख्खा एक देश आहे. ते पुण्यात शिकायला आले, इथेच मराठी शिकले आणि ताईंशी लग्न केलं. ते मला नेहमी हसून सांगायचे, "कुसुमताई, आमचा सगळा देश तुमच्या कोथरूडमध्ये बसेल. फक्त पार्किंगची भांडणं होतील." पुढे त्यांच्या सरकारने त्यांना जपानात आपला प्रतिनिधी म्हणून पाठवलं. ताईंची मुलगी तारा तेव्हा तीन वर्षांची होती. त्यांनी मलाही बरोबर नेलं.

आम्ही एदोगावा नावाच्या भागात राहतो, कारण तिथून ताराची शाळा जवळ आहे. साहेबांची कचेरी म्हणजे एका इमारतीतल्या दोन खोल्या, एक झेंडा आणि तेवी. तेवी त्यांच्याच बेटावरचा, चाळिशीचा, रुंद खांद्यांचा कारकून. तो दर शनिवारी सायकलवर घरी यायचा, कागदांची पिशवी न्यायला. त्याला मराठी येत नव्हतं आणि मला त्याची भाषा येत नव्हती. तरी या देशात स्वयंपाकघरात येऊन बसणारा तो एकटाच माणूस. मी त्याला बोंबलाची चटणी आणि भात द्यायचे. तो घाम पुसत खायचा, हाताने "आणखी" म्हणायचा आणि जाताना मला वाकून नमस्कार करायचा, जपानी लोकांची नक्कल करत, कपाळ जवळजवळ गुडघ्याला लावून. मी तोंडाला पदर लावून हसायचे.

इथे मला बरं वाटायचं. इथे न बोलणाऱ्या माणसाला कोणी मुकं म्हणत नाही. कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, वस्तू पुढे ठेवली की काम होतं. कचरा कुठल्या दिवशी कुठला ठेवायचा ते चित्रांवरून कळतं. कागदाच्या दिवशी मी गठ्ठा सुतळीने असा बांधायचे की शेजारच्या ओकुदा-सान, म्हणजे ओकुदाबाई, मला मान लववून दाद द्यायच्या. मला वाटायचं, माझ्यासारखीसाठीच हा देश केला आहे.

आता साहेबांच्या बेटाचं आणि एका मोठ्या देशाचं सांगते. बेटाकडे मासे आहेत, बाकी काही नाही. जपान थोडे घ्यायचा, आणखी एकदोन देश थोडे घ्यायचे. मग तो मोठा देश आला, जो हल्ली सगळीकडे बंदरं बांधून देतो. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याने चढ्या भावाने बेटाचे सगळेच मासे घ्यायला सुरुवात केली. बर्फाचा कारखाना काढून दिला. दोन वर्षांत बाकीची गिऱ्हाइकं तुटली. आणि एक दिवस त्याने खरेदी थांबवली. मासळीत किडे आहेत असं सांगितलं. धक्क्यावर भरलेले कंटेनर उन्हात सडले. साहेब म्हणायचे, त्या वासाने विमान उतरतानाच लोक नाक धरायचे. मग मोठ्या देशाची माणसं गोड बोलत पुन्हा आली. खरेदी सुरू करू म्हणाली, पण करार करा.

हे साहेब जेवताना ताईंना सांगत होते. मी पोळी वाढत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या बंदरावर पण असाच एक व्यापारी होता. आधी बर्फ फुकट दिला. मग भाव तोच सांगायला लागला."

दोघं माझ्याकडे बघत राहिले. साहेब म्हणाले, "वैशाली, हिला आमची व्यापारमंत्री करा. आत्ताच्या माणसाला एवढंसुद्धा कळत नाही."

मी लाजून आत पळाले. पण ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवलं.

मोठ्या देशाची तीन माणसं आमच्या घरीही जेवून गेली. मी भरलेले खेकडे केले होते. त्यांच्यातला सगळ्यात शांत माणूस नांग्या दातांनी फोडत होता आणि साहेबांकडे बघत हसत होता. साहेब काही खात नव्हते. करार त्यांना नको होता. त्यांच्या मंत्र्यांना हवा होता. बेटाभोवतीचं पाणी, खडकांच्या रांगेपर्यंतचं, जिथे तिथल्या लोकांचे आजे-पणजे मासे धरत आले, ते सगळं मोठ्या देशाच्या बोटींना कित्येक वर्षांसाठी द्यायचं होतं. सही होईपर्यंत ही गोष्ट बेटावर कोणाला कळू द्यायची नव्हती. सही जपानात आणि जाहीर नंतर, असं ठरत होतं.

म्हणून साहेब घरी काम करायचे. कराराच्या खराब झालेल्या प्रती एका पिशवीत पडायच्या. शनिवारी तेवी ती पिशवी कचेरीत न्यायचा आणि यंत्रात घालून कागदांच्या शेवया करायचा.

आणि मी पाठकोरे कागद काढून घ्यायचे.

ही सवय मला पुण्याच्या घरात लागली. ताईंच्या आई एका बाजूने कोरा असलेला कागद कधी टाकू द्यायच्या नाहीत. जुनी पत्रकं, परीक्षेचे पेपर, बिलं, सगळ्याची पाठ कोरी असली की ते कापून, दोऱ्याने शिवून वही करायच्या. "सरस्वती असते गं ती, पायाखाली घालायची नाही." अशाच वह्यांवर त्यांनी माझ्याकडून पुन्हा बाराखडी गिरवून घेतली. माझी चौथी तोवर पुसली गेली होती, ती पाठकोऱ्या कागदांवर परत आली. इथे तर कागद किती पांढरा, किती जाड. तो यंत्रात घालायचा म्हणजे मला ताटातलं अन्न फेकल्यासारखं वाटायचं. इंग्रजी अक्षरं मला एकेकटी ओळखता येतात, पण ती एकमेकांशी काय बोलतात ते कळत नाही. मी पिशवीतून बऱ्यापैकी कागद काढायचे. निम्मे मला लिहायला, निम्मे ताराला चित्रं काढायला.

तेवीने एकदा मला काढताना पाहिलं. मी दचकले. त्याने कागद हातात घेतला, मागचं-पुढचं बघितलं, माझ्याकडे बघितलं. कपाळाला आठी पडली. इतक्यात तारा आली आणि जपानीत ओरडली, "मिते, मिते!" म्हणजे बघ, बघ. तिने त्या पाठीवर आठ पायांत आठ चपला घातलेला जांभळा ऑक्टोपस काढला होता. तेवी मोठ्याने हसला आणि कागद तिला परत दिला.

ती चित्रं तारा बेटावरच्या आजीला पाठवायची. साहेबांच्या आईचं धक्क्याजवळ चहाचं दुकान होतं. दर महिन्याला पाकीट मीच भरायचे. आजी चित्रं भिंतीला टाचायची. वारा आला की ती उलटायची आणि मागचा मजकूर समोर यायचा. हे मला कसं सुचलं नाही, ते मी रोज स्वतःला विचारते.

एका रविवारी आजीचा व्हिडिओ कॉल आला. ताईंनी हसत मला सांगितलं, "कुसुम, आजी म्हणतात, ताराची सगळी चित्रं शाळेच्या मास्तरांनी मागून नेली. एवढी आवडली!" मीही हसले. ताराला मी त्या दिवशी शिरा करून दिला.

मंगळवारी बेट पेटलं.

ताईंनी टीव्ही लावला होता. पहिल्यांदा बर्फाचा कारखाना जळताना दिसला. मग मोठ्या देशाच्या लोकांची बाजारातली दुकानं. ती माणसं तीन पिढ्या तिथेच राहत होती, त्यांना कराराचं काय माहीत असणार! एका बाईला केसांना धरून दुकानाबाहेर ओढत होते आणि तिच्या हातात अजून मोजमापाची पट्टी होती. एका म्हाताऱ्याला तेलाच्या डब्याने मारत होते. ती मारणारी माणसं मला अनोळखी वाटली नाहीत. उघडे पाय, खारट कपडे, हातात वल्ही. आमच्या जेटीवरचीच होती ती. मग सैनिक आले आणि गोळ्या सुरू झाल्या. सगळ्यांत पुढे एक चष्मेवाला माणूस दोन्ही हातांनी कागद उंच धरून चालत होता. कागदावर बेटाचा नकाशा होता आणि त्याभोवती एक लाल रेघ. वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी. तो उन्हाकडे तोंड करून वळला आणि कागदातून पलीकडचा जांभळा रंग क्षणभर दिसला. मग तो माणूस गुडघ्यांवर पडला आणि त्याच्या तोंडातून रक्त आलं.

ते शाळेचे मास्तर होते. चित्रं कुठून नेली हे सांगू शकणारा तोच एक माणूस होता, आणि तो गेला. आजीचं दुकान लोकांनी तिच्या डोळ्यांदेखत जाळलं, प्रतिनिधीची आई म्हणून. तिचा हात मोडला. ती बेशुद्ध होती, तिला कोणी काही विचारलं नाही.

कागद फुटले कसे, याची चौकशी निघाली. यंत्रात कागद घालायचं काम तेवीचं. त्याला बेटावर परत बोलावलं. जाताना तो घरी आला होता. मी त्याला चटणीची बाटली दिली. त्याने नेहमीसारखा गुडघ्यापर्यंत वाकून नमस्कार केला, पण या वेळी तो नक्कल करत नव्हता. विमानातून उतरल्याबरोबर त्याला धरलं.

मला सगळं माहीत होतं. जांभळा खडू मीच विकत आणला होता. मी सांगायचं ठरवायचे आणि तोंड उघडत नसे. मी बोलले तर साहेबांची नोकरी जाणार, आजीवर आळ येणार, तारा मोठी झाल्यावर तिला कळणार की तिच्या ऑक्टोपसच्या मागे काय होतं. नाही बोलले तर तेवी मार खाणार. रोज सकाळी मी चहा ठेवायचे आणि मला आईचा आवाज यायचा, "ती मुकी हाय." किती सोपं होतं ते. कोणी मला विचारलंसुद्धा नव्हतं.

तेवीला धरल्याच्या अकराव्या दिवशी सकाळी साहेबांच्या फोनवर एक फोटो आला. ते नाश्त्याला बसले होते. मी मागून पोहे वाढत होते, म्हणून मला दिसला. तेवीचं तोंड सुजून एका बाजूला गेलं होतं. हात समोर धरायला लावले होते. उजव्या हाताची बोटं निरनिराळ्या दिशांना वळली होती. हातोड्याने ठेचल्यासारखी. याच बोटांनी तो भात कालवायचा. साहेबांनी फोन पालथा ठेवला आणि ताईंना म्हणाले, "तो कबूल होत नाही म्हणून मारतात. काही बोलतच नाही तो."

तेव्हा मला कळलं. त्याने मला कागद काढताना पाहिलं होतं. एक शब्द बोलला असता तर सुटला असता.

मी म्हटलं, "साहेब, कागद मी काढले. ताराला दिले. आजींकडे गेले ते तेच."

माझा आवाज मलाच परका वाटला. साहेब आधी हसल्यासारखे झाले. मग त्यांनी उठून खुर्ची उचलली आणि कपबशांच्या कपाटावर घातली. पुन्हा घातली. हा माणूस घरात आलेली माशीसुद्धा कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडायचा. कपाटात काही उरलं नाही तेव्हा ते काचांमध्येच खाली बसले. ताईंनी मला दोन थोबाडीत मारल्या. दुसरी इतक्या जोरात बसली की कानात शिट्टी वाजली. "अकरा दिवस!" त्या किंचाळल्या. "अकरा दिवस तू आम्हाला जेवायला वाढत होतीस!" दारात तारा उभी होती. ती मराठीत म्हणाली, "मावशीला मारू नको." एरवी ती मराठीत कधी उत्तर देत नाही.

साहेबांच्या तळपायातून रक्त येत होतं. त्यांनी तसाच फोन लावला. त्यांच्या भाषेत बोलत होते, पण ताईंनी मला नंतर सांगितलं. ते म्हणाले होते, "कागद माझ्या घरातून गेले. निष्काळजीपणा माझा. माणूस सोडा." माझं नाव नाही घेतलं. आजीचं नाही, ताराचं तर नाहीच.

चार दिवसांनी तेवीला सोडलं. दोन बोटं आता वाकत नाहीत. साहेबांना पदावरून काढलं. आणि करार? करार झाला. थोडी वाक्यं बदलून, टीव्हीसमोर, दोन झेंड्यांमध्ये उभं राहून, हसत. धक्क्यावर मासे पुन्हा विकले जातात, भाव तो देश सांगतो. जळालेल्या कारखान्याच्या जागी दुप्पट मोठा कारखाना उभा राहतोय. मास्तरांच्या बायकोने तिथेच नोकरी धरली, असं आजी सांगते. मी विचार करते, त्या दिवशी कोण कोणाला मारत होतं? कराराची सही करणाऱ्यांना कोणाचा हातसुद्धा लागला नाही. आमच्या जेटीवरही मोठ्या बोटीचा मालक कधी खाली उतरला नव्हता. डोळा खलाशाचा गेला.

मागच्या आठवड्यात तेवीने साहेबांना फोन केला. मला फोनजवळ बोलावलं. साहेब मध्ये बसून त्याचं बोलणं मराठीत सांगत होते. तो म्हणाला, "तिला सांगा, मी त्यांना स्वयंपाकघराचं काही सांगितलं नाही." मी रडायला लागले. मग तो म्हणाला, "तिला हेही सांगा, चटणी त्यांनी विमानतळावरच काढून घेतली. त्यांना चांगलीच झोंबली असेल." साहेब हे सांगताना बऱ्याच दिवसांनी हसले.

साहेबांना आता तोयोसुतल्या एका कंपनीत नोकरी मिळाली आहे. तारा, ताई इथेच राहतील. माझा इथे राहण्याचा परवाना त्यांच्या जुन्या पदाला बांधलेला होता, तो या महिन्यात संपतो. ताई म्हणाल्या, "वकिलाला विचारू, काहीतरी मार्ग निघेल." मी नको म्हटलं. त्या दिवसानंतर त्यांनी मला एकदाही 'कुसुम' म्हणून हाक मारलेली नाही, 'अगं' म्हणतात. पण माझी बॅग त्यांनीच भरली. ताराने आपली खडूंची पेटी स्वतः आत ठेवली, त्यात जांभळा नव्हता.

काल मी आईला फोन केला. येते म्हणून सांगितलं. ती खूश झाली. जनादादाने नवी होडी घेतली, मागची खोली रंगवली, सगळं सांगितलं. काशिनाथ खाडीच्या तरीवर, पलीकडची होडी लागते तिथे, बसून जाळी विणतो, हेही मी विचारल्यावर सांगितलं. मग आवाज बारीक करून म्हणाली, "ये गो बाय. पण तरीवरनं येशील तेव्हा कोण बोललंच, तर तू आपली नुसती..."

मी म्हटलं, "आई, मी मुकी नाही."

लिलावात सगळ्यांचे आवाज बंद करणारी माझी आई. तिच्या मागे समुद्र ऐकू येत होता. मग ती एवढंच म्हणाली, "मग घरी ये, आणि मला आधी सांग."

इतकी वर्षं मला वाटायचं, घर म्हणजे जिथे काही बोलावं लागत नाही. म्हणून जपान मला घर वाटलं. आता जायचं आहे ते तसं घर नाही. तिथे माझी आई आहे, माझा भाऊ आहे, आणि तरीवर एक डोळ्याने जाळं विणणारा माणूस आहे. त्याच्यासमोर मी उभी राहीन तेव्हा माझ्या डोक्यावर पाटी नसेल. काय बोलायचं ते मी ताराच्या उरलेल्या कागदांच्या पाठीवर लिहून ठेवलंय. रोज सकाळी नदीच्या बांधावर जाऊन ते मोठ्याने म्हणते. ओकुदा-सान कुत्र्याला घेऊन तिथून जातात. त्यांना माझी भाषा कळत नाही, पण त्या थांबतात, माझं होईपर्यंत ऐकतात आणि मगच पुढे जातात.